माठाची जुडी

गणपती आटोपून गावाहून निघताना काकीने माझ्या पिशवीत लाल माठाची एक जुडी ठेवली. केळीच्या सोपाने बांधलेली, वर अळवाचे पान गुंडाळलेले, पानांवर पहाटेच्या पावसाचे थेंब तसेच राहिलेले. दरवर्षी ती काही ना काही देतेच. कधी पडवळ, कधी दोन तवशी, कधी नुसतीच अळूची पाने. घरी डोंबिवलीला पोचल्यावर मी जुडी सोडली आणि मुळे कापायला घेतली, तेव्हा माझा हात थांबला. मुळांना चिकटलेली माती तांबडी नव्हती. आमच्या गावाची माती कपड्याला लागली तर डाग निघत नाही इतकी लाल, आणि ही मात्र करडी होती. चिमटीत धरल्यावर पिठासारखी मऊ, दोन बोटांत सरकणारी. मी जुडी पुन्हा बांधून फ्रिजमध्ये ठेवली. चौथ्या दिवशी पाने मलूल झाली आणि मी ती ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. रविवारी काकीचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तिने विचारले, "बाय, भाजी कवळी होती ना गो?" मी म्हणाले, "हो काकी, छान झाली होती."

हे उत्तर मला अनेक महिने टोचत राहिले. त्यात खोटेपणा होता हे तर खरेच. पण त्याहून अधिक टोचत होते ते हे, की त्या भाजीत काही वाईट होते असेही मला ठाऊक नव्हते. मला फक्त संशय आला होता. संशयावरून मी एका म्हातारीच्या हातची, तिने उन्हापावसात वाकून वाढवलेली भाजी फेकली, आणि तीच भाजी ती आणि दादाची दोन्ही मुले रोज जेवत असताना त्यांना एका शब्दाने काही सांगितले नाही. माझ्या घरी नको ते त्यांच्या ताटात चालेल, असे मी मानले नव्हते. पण माझ्या वागण्याचा अर्थ दुसरा काय होतो?

मुळांना चिकटले होते ते राखेसारखे दिसत होते. ती करडी राख मी मे महिन्यात पाहिली होती. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याने एका कारखान्याच्या बॉयलरची राख डंपर भरून आणली होती. कारखान्याला ती नकोशी झालेली, डंपरवाल्याला भाड्याशी मतलब, आणि दादाला ती जवळजवळ फुकट मिळालेली. मांगराच्या बाजूला तिचा ढीग होता, वर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर जांभ्याचे चार चिरे. मी कोपरा उचलून मूठभर घेतली. हाताला तिचे वजन लागत होते, पण कण लागत नव्हते. मधूनच काचेसारखा चमकणारा एखादा खडा तेवढा बोचला. वास काहीच नव्हता. वाऱ्याची एक झुळूक आली आणि माझ्या पायांवर, ओटीवर, वाळत घातलेल्या कोकमांवर एक करडा पदर पसरला. काकीने सुपाने कोकमे झाकली आणि सहज म्हणाली, "राखच ती. राखेन काय होतंय?"

राखेने काही होत नाही, ही तिची खात्री कुठून आली ते मला ठाऊक आहे, कारण मीही त्याच घरात वाढले आहे. चुलीची राख आमच्याकडे टाकायची वस्तू नव्हतीच. सकाळी चूल भरताना काकी ती एका फुटक्या मडक्यात काढून ठेवी. निवून गेली की त्यातली बारीक राख नारळाच्या किशीने भांड्यांना लागे आणि पितळ पिवळेधमक होई. हर्णैहून वाम आली तर ती हातातून निसटू नये म्हणून आधी राखेत घोळली जाई. राखाडी हातांनी काकी विळीवर बसली की तिच्या बांगड्यासुद्धा वाजत नसत, राखेने जड होत. बियाण्याचे वाल राखेत कालवून ठेवत, म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत त्यांना भुंगा लागत नसे. चवळीवर मावा पडला की पहाटे दवाने पाने ओली असताना ती चिमटीने राख भुरभुरत जाई, आणि भोपळ्याच्या आळ्यात तर मूठमूठ राख ठरलेली. ताप आला की देवापुढच्या उदबत्तीचा अंगारा कपाळाला लागे, तीही राखच. भांडे, मासा, बियाणे, भाजी आणि कपाळ या सगळ्यांना चालणारी वस्तू घातक कशी असेल?

त्याही आधीची आठवण भाजावळीची आहे. फाल्गुनापासून गावात कवळ तोडणे सुरू होई. ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या, पातेरा, गवत, शेणी आणि वर मातीचा पातळ थर असे एकावर एक रचून दाढीच्या, म्हणजे भाताची रोपे वाढवायच्या, जागेवर वाऱ्याचा अंदाज घेत आग लावली जाई. जाळ नसेच, नुसता धूर; संध्याकाळी खाडीच्या अंगाला तो उतरला की सगळे गाव निळसर दिसे. नंतर त्या काळ्या, गरम वासाच्या जमिनीवर पावसाच्या सुरुवातीला भात पेरत, आणि तिथला तरवा, म्हणजे भाताची रोपे, शेजारच्या न भाजलेल्या तुकड्यापेक्षा ठळकपणे हिरवा येई. या राबासाठी, म्हणजे भाजावळीच्या पाल्यासाठी, कोकणाने सरकारशी भांडणही केले आहे. इंग्रजी अमलात जंगलातून फांद्यांचे टाळ तोडण्यावर बंधने आली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राब जाळणे योग्य की अयोग्य हा वाद शेतीशास्त्रज्ञांत पुढेही चालू राहिला. जाळण्यापेक्षा तोच पाला कुजवणे बरे असे म्हणणारे बरेच होते, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण भाजल्याने तणाचे बी मरते आणि राखेतला पोटॅश व चुना आम्ल मातीला मिळतो, हे दाढीत उभ्या राहिलेल्या कोणालाही डोळ्यांनी दिसत होते.

दादाने राख आणली ती अज्ञानाने नव्हे, हे मला इथे लिहायलाच हवे. त्याच्या माती आरोग्य पत्रिकेवर सामू, म्हणजे pH, ५.४ लिहिला आहे. एवढ्या आम्ल जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लोह आणि ॲल्युमिनियमशी जखडून बसतो, घातलेल्या खताचा मोठा भाग पिकाला मिळतच नाही, हे त्याला पाठ आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या उतारावर चुना, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन जातात आणि मागे लोखंडाची लाली उरते. जांभा म्हणजे तेच. पूर्वी खाडीतले शिंपले भाजून चुना करणारे होते, तोही धंदा आमच्या बाजूला संपला. गोठ्यात एके काळी सात गुरे होती, आज एक म्हैस आहे, म्हणजे शेणही नाही. कवळ तोडायला माणसे मिळत नाहीत; जी होती ती मुंबईला गेली, माझ्या वडिलांसारखी. शिवाय दादाला कातळावर चाळीस कलमे लावायची होती. सुरुंग लावून खड्डे काढले की ते भरायला माती लागते, आणि आमच्याकडे माती ही विकत आणायची, डोक्यावरून वाहायची वस्तू आहे. अशा माणसाच्या दारात कोणी डंपरभर राख आणून ओतली तर तो ती परत पाठवील कसा? आणि मोबाइलवर वाचून त्याने मला हेही सांगितले की वीज केंद्रांच्या राखेचे शेतीतले प्रयोग सरकारनेच केले आहेत. तेही खरे आहे. १९९४ साली केंद्र सरकारने फ्लाय ॲश मिशन सुरू केले, त्यात शेतीतील वापराचाही समावेश होता, आणि पुष्कळ ठिकाणी उत्पन्न वाढल्याचे दिसले. बारीक राखेने हलकी जमीन पाणी धरून ठेवते, चिकण माती थोडी मोकळी होते, आणि भाताला आवडणारी सिलिकाही तिच्यात भरपूर असते.

भाजी खरोखरच चांगली आली होती. माठाची पाने तळहाताएवढी होती.

तरीही दगडी कोळशाची राख आणि ऐनाच्या फांदीची राख यांना आपण एकच शब्द वापरतो, आणि माझी सगळी बेचैनी त्या एका शब्दाभोवती आहे. फांदी त्याच डोंगराच्या मातीतून वाढलेली असते; तिने दहा वर्षांत मुळांनी जे वर ओढले ते भाजावळीत पुन्हा त्याच वाडीला परत मिळते. कोळसा कोट्यवधी वर्षे जमिनीच्या पोटात राहिलेला, दुसऱ्या मुलखातला. आपल्या देशातल्या कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राखच असते. कोळसा जळतो म्हणजे त्यातला कार्बन जातो, नायट्रोजन जातो. पण आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे जे अत्यल्प प्रमाणात विखुरलेले असते त्यातले बरेचसे मागे राहते आणि कमी वजनात गोळा होते. काही धातू भट्टीच्या उष्णतेत वाफ होऊन निघतात आणि धुराबरोबर जाताना सर्वांत बारीक कणांवर पुन्हा जमतात. म्हणजे जी राख पिठासारखी मऊ लागते, तिच्यातच हे अधिक असते. माझ्या चिमटीतून सरकली होती तशी. आणि ज्या चुन्यासाठी आपण राख घालतो, तो आपल्याकडच्या बहुतेक कोळशाच्या राखेत लाकडाच्या राखेच्या मानाने फारच थोडा असतो. तिच्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना. सामू सुधारायचा तर ती टनांनी घालावी लागते, आणि टनांनी घातली की बाकीचेही टनांच्या हिशेबाने येते. बोरॉनचे पाहा: पिकाला तो किंचितच लागतो, जरा जास्त झाला की पानांच्या कडा करपतात, आणि पाण्यात तो सहज विरघळतो. मांगराजवळच्या त्या ढिगापासून काकीची विहीर वीस पावलांवर आहे.

वीज केंद्राच्या राखेबद्दल निदान ती कोळशाची आहे एवढे तरी सांगता येते. दादाच्या राखेबद्दल तेही सांगता येत नव्हते. डंपरवाला म्हणाला कोळशाची. दादा म्हणाला उसाच्या चिपाडाची आणि भुशाच्या कांड्यांची. छोट्या बॉयलरमध्ये ज्या महिन्यात जे स्वस्त ते जळते. नुसते चिपाड, तूस किंवा काजूची टरफले जाळली असतील तर ती राख आपल्या चुलीच्या राखेच्या जवळची. पण त्यात जुने रंगवलेले लाकूड असेल तर शिसे आले, टायरचे तुकडे असतील तर जस्त आले, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेले लाकूड असेल तर तांबे, क्रोमियम, आर्सेनिकही आले. दिसायला सगळ्याच करड्या. काकी मात्र आजही राखेचे मडके हुंगून सांगते की कालचे लाकूड आंब्याचे होते की काजूचे.

भाताविषयी वाचले तेव्हा मात्र मी खरोखर घाबरले, कारण त्यातली एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत आले आहे. श्रावणात कुणग्याच्या, म्हणजे भातखाचराच्या, बांधाशी पाणी संथ साचलेले असते, त्यावर तांबूस, तेलासारखा रंग फाकणारा तवंग येतो. काडी लावली की तो काचेसारखा तडकतो. तेलाचा असता तर पुन्हा मिळून आला असता. आम्ही मुले त्यात काड्या बुडवून इंद्रधनुष्य पाहत असू. तो तवंग लोखंडाचा. पाण्याखाली कोंडलेल्या मातीत हवा उरली नाही की जांभ्यातले घट्ट लोह विरघळून पाण्यात येते आणि वर हवा लागताच पुन्हा गंजासारखे जमते. कोरड्या जमिनीत हेच लोह आर्सेनिकला धरून ठेवते, म्हणून आमची लाल माती एरवी मोठी राखणदार आहे. पण लावणीनंतर दोन-तीन महिने शेत पाण्याखाली राहिले की लोखंडाची ती मूठ सुटते, आणि नेमके तेव्हाच भाताची मुळे भुकेली असतात. सिलिका ओढून घेण्याच्या वाटेनेच भात आर्सेनिकही ओढून घेतो. कॅडमियमचे याच्या उलट आहे. शेत पाण्याखाली असताना ते दबून असते, आणि दाणा भरताना पाणी आटले की मोकळे होते. आम्ल जमिनीत तर अधिकच. एकाला ओल अनुकूल, दुसऱ्याला उघडीप, आणि कोकणातल्या एका हंगामात दोन्ही येतात. जपानमध्ये तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीकाठच्या लोकांनी खाणीच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ वर्षानुवर्षे खाल्ला आणि त्यांच्या, विशेषतः बायकांच्या, हाडांचा भुगा होत गेला. त्या दुखण्याला त्यांनी 'इताई-इताई' म्हटले, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. त्याचे कारण कॅडमियम आहे हे तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केले. एका डंपरने असे काही होते असे मी म्हणत नाही. खाणीच्या गाळाची आणि एका ढिगाची तुलना होत नाही. पण मातीत गेलेला धातू पालापाचोळ्यासारखा कुजून नाहीसा होत नाही, आणि दादा दरवर्षी एक डंपर आणण्याच्या विचारात होता. पालेभाजीचे तर आणखी निराळे. दाण्यापेक्षा पानात कॅडमियम जास्त साठते, आणि माठ ते ओढून घेणाऱ्या भाज्यांपैकी आहे.

दिवाळीत मी दादाबरोबर मातीचा नमुना घेऊन तपासणीला गेले. तिथल्या ताईंनी आस्थेने चौकशी केली, फॉर्म भरून घेतला. मी विचारले, यात शिसे, कॅडमियम कळेल का? त्या म्हणाल्या, नाही, ती तपासणी वेगळी. ती इथे होत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या माती आरोग्य पत्रिकेवर १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. पिकाला काय कमी पडते ते सांगणारी ती पत्रिका आहे. माणसाला काय जास्त होईल हे तिच्यावर छापलेले नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला मर्यादा घातलेल्या आहेत, किलोमागे आर्सेनिक १० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, शिसे १००. गोणीत भरून विकायचे तर ते तपासावे लागते. ताडपत्रीखाली येणाऱ्या राखेला गोणी नाही, लेबल नाही, पावतीही नाही. परत येताना एसटीत दादा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतेस ते बरोबर असंल. पण मग ही राख जायची कुठं?"

त्याचा प्रश्न मला माझ्याही घरी घेऊन आला. देशातल्या औष्णिक केंद्रांतून दरवर्षी २० कोटी टनांहून अधिक राख निघते, आणि त्यातली काही माझ्या खोलीतल्या दिव्याची, पंख्याची आहे. ज्या इमारतीत मी राहते तिच्या सिमेंटमध्येही ती असेल. पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख घालता येते. केंद्र सरकारने १९९९ साली राखेच्या वापराची अधिसूचना काढली, तिचा एक हेतू सुपीक माती विटांसाठी खरवडली जाऊ नये हा होता, म्हणजे राखेने माती वाचवायची अशी ती कल्पना. सिमेंटमध्ये, विटेत राख बांधली जाते, तिथून ती सहज हलत नाही. शेतात ती सुटी असते. पावसाबरोबर उतरते, मुळाबरोबर चढते. म्हणून माझे मत आता असे झाले आहे की जे आपण खातो त्याच्या मातीत, कुठून आली, कशाची आहे, तिच्यात काय आहे हे तपासल्यावाचून कारखान्याची राख जाऊ नये. डोंगरउतारावरच्या सागाला, सुरूला घालून पाहावी, तीही विहिरीपासून लांब. दादाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, सागाला कोण खत घालतंय? त्याचेही बरोबर होते. फुकट मिळालेली वस्तू माणूस आधी पोटाच्या पिकालाच घालतो.

काकीला खरे सांगायला मला शिमगा उजाडला. ती मागच्या दारी विळीवर वाम चिरत बसली होती, हात कोपरापर्यंत राखाडी. मी बाजूला बसले आणि गणपतीतल्या जुडीचे सगळे सांगितले. तिने मासा खाली ठेवला नाही, वरही पाहिले नाही. तुकडे पडत राहिले. थोड्या वेळाने म्हणाली, "टाकलीस ती टाकलीस. पण आमाला सांगायचंस तरी. पोरं खात होती ना रोज." मला उत्तर देता आले नाही. तिने हात धुतले, राखेचे पाणी केळीच्या बुंध्यात ओतले आणि आत निघून गेली.

ढिगातली निम्मी राख अजून तशीच आहे. दादाने या वर्षी ती दाढीला घातली नाही, कलमांच्या खड्ड्यांतही नाही. कोणाला द्यावी असेही त्याला वाटत नाही. एका खासगी प्रयोगशाळेत मी राखेचा आणि वाफ्यातल्या मातीचा नमुना पाठवला आहे, त्याचा अहवाल यायचा आहे. ताडपत्रीभोवती दादाने पावसाआधी चर खणला, पाणी विहिरीकडे न जाता खालच्या अंगाला जावे म्हणून. खालच्या अंगाला खाडी आहे, हे आम्हां दोघांनाही दिसत होते, आणि त्यावर आम्ही बोललो नाही.

जुलैत मी दोन दिवसांसाठी गेले होते. निघायच्या सकाळी पाऊस थांबला होता. काकी मला हाक मारून मांगराच्या पलीकडे घेऊन गेली. तिथे जुन्या गोठ्याच्या जागेत तिने एक नवा वाफा केला होता, अंथरुणाएवढा. माठ अजून वीतभरच होता. तिने वाकून सात-आठ रोपे उपटली, झटकली आणि मुळे माझ्या डोळ्यांसमोर धरली. माती तांबडी होती. तिने ती तशीच सोपाने बांधली, आणि मी मुळे न कापता जुडी पिशवीत ठेवली.